एकच नदी, दोन दर: सीमाभागातल्या शेतकऱ्याच्या खात्यात सरकारी पैसा पोचतो कसा?

कागल सोडून बेळगावच्या दिशेनं निघालं की दूधगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे कोल्हापूर जिल्हा. पलीकडे कोगनोळी, म्हणजे तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव. दोन्हीकडे काळी माती, दोन्हीकडे ऊस आणि सोयाबीन, आणि निम्म्या घरांची सोयरीक नदीपलीकडची. नदी चढली की पाणी दोन्ही काठांवर सारखंच पसरतं.

सरकारी पैसा मात्र तसा पसरत नाही. २०२२ साली कोगनोळीच्या शेतकऱ्याला 'किसान सन्मान' म्हणून केंद्र आणि राज्य मिळून वर्षाला १०,००० रुपये मिळत होते, कागलमधल्या त्याच्या मेहुण्याला ६,०००. दोन वर्षांनी पारडं फिरलं: मेहुण्याला १२,०००, कोगनोळीकराला ६,०००. या दोन वर्षांत दोघांच्याही रानात काही बदललं नव्हतं. माती तीच, ऊस तोच, कर्जही बहुधा तेच.

गावच्या कट्ट्यावर याचं उत्तर 'सगळं राजकारण' असं मिळतं. ते खोटं नाही, पण त्यानं फारसं कळतही नाही. पैसा ठरतो कुठं, कुणाच्या नावावर ठरतो आणि वाटेत अडतो कुठं, हे पाहिलं तर कोडं बऱ्यापैकी सुटतं.

'अनुदान' या एका शब्दात चार वेगळे पैसे

शेतकरी 'सरकारचं अनुदान आलं' म्हणतो तेव्हा तो चारांपैकी एका पैशाबद्दल बोलत असतो. पहिला, ठरावीक मुदतीनं येणारा सन्मान निधी. पीक आलं काय नि बुडालं काय, तो तेवढाच येतो. दुसरा, पूर, अतिवृष्टी किंवा दुष्काळानंतरची नुकसानभरपाई, जिला कर्नाटकात 'परिहार' म्हणतात. तिसरा पीकविमा, त्यात हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरतं, पण देणारी असते विमा कंपनी. चौथा पैसा शेतकऱ्याच्या हातात कधी येतच नाही. तो खताच्या पोत्यात आणि मोटारीच्या विजेत मुरलेला असतो.

या चौघांचे मालक वेगळे, नियम वेगळे, कागद वेगळे. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की गोंधळ सुरू होतो. 'किसानचे पैसे येतात, मग विम्याचे का नाहीत?' हा प्रश्न कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्राच्या खिडकीवर रोज विचारला जातो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे सांगायला तिथल्या माणसाला सवड नसते.

उसाचा दर या चारांत बसत नाही, हेही इथंच सांगून टाकतो. केंद्र सरकार एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. पण ते पैसे कारखान्यानं द्यायचे असतात, सरकारनं नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात गुर्लापूरला ऊस उत्पादकांनी रस्त्यावर ठाण मांडलं होतं, ते दरासाठी. त्याला अनुदान म्हटलेलं कुठल्याच शेतकऱ्याला आवडणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

सहा हजारांचे दहा आणि बारा कसे होतात

केंद्राच्या सन्मान निधीचा, म्हणजे पीएम-किसानचा, आरंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी गोरखपूरला झाला. वर्षाला ६,००० रुपये, चार-चार महिन्यांच्या अंतरानं २,००० चे तीन हप्ते, सगळा खर्च केंद्राचा. आधी ही योजना दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. त्याच वर्षी जूनपासून जमिनीची अट निघाली. वगळले ते आयकर भरणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे आणि डॉक्टर, वकील, इंजिनिअर असे व्यावसायिक. हप्ता अडेपर्यंत कुणाच्या ध्यानात न आलेली अट अशी: १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असली पाहिजे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर नवा हक्क मिळत नाही. वारसानं आलेली जमीन याला अपवाद.

योजना केंद्राची असली तरी कोण पात्र, हे ठरवतं राज्य. कारण जमिनीची दप्तरं राज्याकडं असतात. नोंदणी राज्यामार्फत होते, म्हणून शेतकरी त्या-त्या राज्याच्या यादीत बसतो. आणि राज्याला आपल्या पदरचं काही घालायचं असेल तर हीच तयार यादी हाताशी असते.

कर्नाटकात येडियुरप्पांनी जुलै २०१९ मध्ये मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतल्या-घेतल्या तेच केलं. केंद्राच्या सहा हजारांवर राज्याचे चार हजार, दोन हप्त्यांत. निपाणीकडच्या शेतकऱ्याचे दहा हजार असे झाले. २०२३ मध्ये कर्नाटकात सरकार बदललं आणि हे चार हजार बंद झाले. त्याच वर्षी मार्चच्या अर्थसंकल्पात महाराष्ट्रानं 'नमो शेतकरी महासन्मान निधी' जाहीर केला: पीएम-किसानच्या यादीतल्या राज्यातल्या शेतकऱ्याला आणखी सहा हजार. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीत वाटला गेला. कागलकराचे बारा हजार झाले ते असे. एका बाजूला एक योजना संपली आणि काही महिन्यांतच दुसऱ्या बाजूला दुसरी सुरू झाली. पारडं फिरलं ते एवढ्यामुळं.

सीमेवर आणखी एक पेच हमखास असतो. एकाच माणसाची दोन एकर कोगनोळीत आणि आजोळाकडून आलेली एक एकर कागल तालुक्यात. त्याला दोन्हीकडून मिळेल का? नाही. पीएम-किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. त्या कुटुंबाची जमीन कितीही गावांत विखुरलेली असो, ती एकत्र धरली जाते आणि लाभ एकदाच. आधार क्रमांक एकच असल्यानं दुसरीकडची नोंद पकडली जाते. तो कर्नाटकच्या यादीत असेल तर महाराष्ट्राचे जादा सहा हजार त्याला नाहीत, मग तिकडं एक एकर असो की पाच. २०१९ ते २०२३ या काळात हे गणित नेमकं उलटं होतं आणि तेव्हा कर्नाटकच्या यादीत असल्याचा कुणाला पश्चात्ताप होत नव्हता.

सगळं उताऱ्यापाशी सुरू होतं

महाराष्ट्रात सातबारा, कर्नाटकात आरटीसी. कानडीत त्याला पहाणी म्हणतात, सीमाभागातल्या मराठी माणसाच्या तोंडी तो नुसता 'उतारा'. २००० सालापासून कर्नाटकानं 'भूमी' प्रकल्पाखाली हे उतारे संगणकावर आणले, हातानं लिहिलेला उतारा बंद केला. देशात हे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या पहिल्या राज्यांत कर्नाटक आहे.

उतारा समोर धरला तर पैशाच्या दृष्टीनं तीन रकाने महत्त्वाचे. नवव्या रकान्यात मालकाचं नाव आणि त्याच्या हिश्श्याचं क्षेत्र. अकराव्यात बोजा, म्हणजे सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज. बाराव्यात पीक: कुठल्या हंगामात काय, किती क्षेत्रावर. सन्मान निधी नवव्या रकान्यावर चालतो. नुकसानभरपाई आणि विमा नवव्यावर आणि बाराव्यावर मिळून चालतात.

नवव्या रकान्यातलं नाव ही सीमाभागातली सगळ्यात मोठी अडचण. उतारा कानडीत. बँकेचं पासबुक इंग्रजीत. आधार इंग्रजी आणि कानडीत. शाळेचा दाखला मराठीत. उताऱ्यावर 'दत्तू', आधारवर 'दत्तात्रय'. एका कागदावर बापाचं नाव मधे, दुसऱ्यावर त्याचं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनावच नाही. माणसाला हे एकच नाव आहे हे लगेच कळतं. संगणक अक्षराला अक्षर लावून बघतो आणि जुळलं नाही की बाजूला ठेवतो.

त्याहून जुनं दुखणं वारसा नोंदीचं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, चार भावांनी बांध घालून रान वाटून घेतलं, पण उताऱ्यावर अजून आजोबाच. कागदोपत्री अशा जमिनीचा शेतकरी मेलेला आहे आणि मेलेल्या माणसाला सन्मान निधी मिळत नाही. घरात चार चुली असूनही एकालाही लाभ नाही, अशी घरं या भागात पुष्कळ आहेत. वाटणीची नोंद लांबते, कारण एका भावाची सही राहिलेली असते, आणि ती सही राहण्यामागं बहुधा एखादं लग्न किंवा एखादी विहीर असते.

उताऱ्याच्या वर आता ओळख क्रमांकाचा थर आला आहे. कर्नाटकात 'फ्रूट्स' नावाच्या यंत्रणेत नोंद झाली की एफआयडी क्रमांक मिळतो. शेतकऱ्याचं आधार आणि त्याचे सगळे सर्व्हे नंबर या एका क्रमांकाखाली येतात. महाराष्ट्रात २०२४ च्या अखेरीपासून ॲग्रीस्टॅकचा फार्मर आयडी काढायची मोहीम सुरू झाली, तोही याच जातीचा. एफआयडीत एखादा सर्व्हे नंबर जोडायचा राहिला असेल, तर ते रान भरपाईच्या यादीत येत नाही. सेवा केंद्रातल्या (सीएससी) माणसानं 'झालं' म्हणून सांगितलं तरी आपले सगळे नंबर त्यात आहेत का, ते स्वतः वाचून घ्यावं.

बाराव्या रकान्यातलं पीक पूर्वी तलाठी चावडीत बसून भरायचा. (कर्नाटकात त्याचं सरकारी नाव आता ग्राम प्रशासन अधिकारी, लोक तलाठीच म्हणतात.) मागच्या वर्षी सोयाबीन होतं, म्हणजे याही वर्षी सोयाबीन. आता कर्नाटकात 'बेळे समीक्षे' ॲपवर रानात उभं राहून फोटो काढायचा असतो, शेतकऱ्यानं स्वतः किंवा गावातल्या नेमलेल्या पोरानं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात, त्यामुळं घरी बसून पाहणी उरकता येत नाही. आणि पाहणीत भुईमूग, विम्याच्या अर्जात सोयाबीन असं झालं की दावा तिथंच अडतो.

भरपाई म्हणजे पिकाची किंमत नव्हे

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा आणि वेदगंगा अशा सगळ्यांनीच काठ सोडले. जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. अशा वेळी 'पंचनामे करून भरपाई देऊ' असं मंत्री सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, बुडालेल्या उसाचे पैसे मिळणार. मिळतात ते वेगळेच.

आपत्तीच्या मदतीचे दर केंद्र सरकार ठरवून देतं आणि पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. त्यात महाराष्ट्र-कर्नाटकासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. पिकासाठीच्या मदतीचं नियमातलं नाव 'निविष्ठा अनुदान' आहे. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. बुडालेल्या पिकाची किंमत सरकार देत नाही; पुढची पेरणी करता यावी म्हणून तिच्या खर्चाला हातभार लावतं. हे नीट सांगितलं जात नाही आणि म्हणून दर वेळी 'थट्टा केली' अशी भावना होते. माझं मत विचाराल तर चूक ऐकणाऱ्याची नाही. सांगणाऱ्यांनीच 'भरपाई' हा शब्द सोयीनं वापरला.

२०२२ ते २०२६ साठी केंद्राचे दर हेक्टरी असे: कोरडवाहू ८,५०० रुपये, बागायत १७,००० आणि बहुवार्षिक पिकं, म्हणजे फळबागा वगैरे, २२,५००. अटी दोन: नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं आणि क्षेत्र दोन हेक्टरपर्यंत. हा पाया झाला. वर मजला चढवायचा की नाही आणि किती, ते राज्याच्या तिजोरीवर आणि राज्यातल्या हवेवर.

२०१९ च्या पुरानंतर कर्नाटकानं तेव्हाच्या केंद्रीय दरावर हेक्टरी १०,००० रुपये घातले. बागायतीचे १३,५०० होते, ते २३,५०० झाले. महाराष्ट्रानं त्या वर्षी वेगळी वाट धरली आणि पूरग्रस्तांचं एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ केलं. म्हणजे एकाच पुरात एका काठावर रोख आली, दुसऱ्या काठावर सोसायटीचा बोजा उतरला. कुणाला जास्त मिळालं हे त्यानं आधी किती कर्ज काढलं होतं यावर ठरलं.

२०२५ च्या अतिवृष्टीनंतर कर्नाटकानं हेक्टरी ८,५०० ची भर जाहीर केली, त्यामुळं बागायतीचा दर २५,५०० झाला. महाराष्ट्रानं रब्बीच्या बियाण्यासाठी म्हणून हेक्टरी १०,००० घातले आणि क्षेत्राची मर्यादा तीन हेक्टर केली. तिथं बागायतीचा दर २७,०००.

आता एक हिशेब. समजा एक एकर वीस गुंठे ऊस पूर्ण गेला. कर्नाटकचा उतारा एकर-गुंठ्यांत असतो आणि मदतीचे दर हेक्टरात, म्हणून आधी माप बदलू. साठ गुंठे म्हणजे सुमारे ०.६०७ हेक्टर. केंद्राच्या नुसत्या दरानं १०,३०० रुपयांच्या आसपास होतात. कर्नाटकच्या वाढीव दरानं साधारण १५,५००, महाराष्ट्राच्या १६,४००. दोन राज्यांतला फरक हजाराच्या आत! आता उसाकडे बघा. एकरी चाळीस टन धरले तर साठ टन, टनाला ३,३०० रुपयांनी १,९८,०००. नदीच्या दोन काठांमधल्या दरावरून जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी पीक आणि मदत यांमधल्या या अंतरावर व्हायला हवी.

या दरांची आणखी एक गंमत आहे. ते पिकाचं नाव विचारत नाहीत, पाणी विचारतात. कोरडवाहू ज्वारी गेली काय नि कोरडवाहू तंबाखू गेला काय, हेक्टरी रक्कम तीच. आणि तंबाखूला लागणारा पैसा आणि हात, रोप लावण्यापासून खुडणीपर्यंत, ज्वारीच्या कितीतरी पट. निपाणीच्या बिडी तंबाखूला हमीभावही नाही. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत सोयाबीन आहे (२०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये), तंबाखू नाही. तंबाखू मंडळाचे लिलाव आहेत ते सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी. १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशी आणि निपाणीचे प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला, ६ एप्रिलला गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले, ते तंबाखूच्या भावासाठीच. आज तंबाखूवाल्याच्या हातात सरकारकडून दरवर्षी नेमानं येतो तो फक्त सन्मान निधी, कारण तो पीक बघतच नाही.

आपलं पीक गेलं, तरी विमा का नाही?

प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपात आली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, नगदी आणि फळपिकांना ५. बाकीचा केंद्र आणि राज्य भरतात. महाराष्ट्रानं २०२३ च्या खरिपात शेतकऱ्याचा वाटाही आपण भरून एक रुपयात विमा दिला. बोगस अर्जांचा पाऊस पडल्यावर २०२५ च्या खरिपात ते बंद केलं.

हा विमा गाडीच्या विम्यासारखा एकेका शेताचा काढलेला नसतो. कर्नाटकात मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत हे एकक, बाकीच्यांसाठी होबळी, म्हणजे तालुक्याखालचा महसुली विभाग. महाराष्ट्रात महसूल मंडळ. त्या एककात काही शेतं चिठ्ठीनं निवडतात, तिथं ठरावीक मापाचा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापतात, मळतात, वजन करतात. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. त्या वजनांवरून त्या एककाचं यंदाचं उत्पादन ठरतं. दुसरीकडं मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून, तिला जोखीम पातळीनं गुणून 'उंबरठा उत्पादन' ठरलेलं असतं. यंदाचं उत्पादन त्याखाली जितके टक्के, तितके टक्के विमा रक्कम.

समजा उंबरठा एकरी आठ क्विंटल सोयाबीनचा आहे आणि पंचायतीचं यंदाचं उत्पादन सहा निघालं. तूट पंचवीस टक्के. विमा रक्कम एकरी २४,००० असेल तर पंचायतीतल्या प्रत्येक विमाधारकाला एकरी ६,०००, ज्याचं पीक झकास आलं त्यालाही. आणि ओढ्याकाठच्या चार रानांचं सोयाबीन कुजलं, पण गावची सरासरी आठच्या वर राहिली, तर त्या चौघांना शून्य.

त्या चौघांसाठी योजनेत एक खिडकी आहे: गारपीट, ढगफुटी, रान जलमय होणं अशा स्थानिक आपत्तीत ७२ तासांच्या आत कळवायचं, मग शेतावर येऊन पाहणी होते. महाराष्ट्रानं २०२५ च्या खरिपापासून ही खिडकी बंद करून सगळा हिशेब पीक कापणीवर नेला. भाताच्या बाबतीत पाणी साचण्याचं नुकसान केंद्रानंच मधल्या काळात काढून टाकलं होतं, भात पाण्यातच वाढतो म्हणून. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या भातवाल्याला हे कारण कसं पटावं? आठवडाभर बुडालेल्या भाताला विचारून तर कुणी ठरवलं नसेल.

शेवटचा टप्पा: आधारवरून खात्यात

मंजूर पैसा खात्यात कसा येतो, ते पाटाच्या पाण्यावरून चटकन कळेल. धरणातून पाणी सुटलं तरी आपल्या सरीत ते येईपर्यंत वाटेतली सगळी दारं उघडी लागतात, आणि शेवटचं दार ज्याच्या रानाकडं वळवलेलं असेल तिकडंच पाणी जातं. इथलं शेवटचं दार म्हणजे एनपीसीआय या संस्थेची यादी. त्या यादीत प्रत्येक आधार क्रमांकापुढं एकाच बँकेचं नाव असतं. सरकार पैसे पाठवताना खाते क्रमांक पाठवत नाही, आधार क्रमांक पाठवतं. यादीत ज्या बँकेचं नाव असेल तिकडं रक्कम वळते आणि ती बँक आपल्याकडच्या आधार जोडलेल्या खात्यात ती जमा करते.

गोची अशी की नंतर कधी दुसऱ्या बँकेत खातं उघडलं आणि तिथं आधारच्या संमतीवर सही केली, तर यादीतलं जुनं नाव जाऊन नवं लागतं. निपाणीच्या बँकेत वाट बघणाऱ्या माणसाचे पैसे इचलकरंजीच्या एखाद्या खात्यात पडून असतात, मुलानं कधीतरी मोबाईलसाठी उघडलेल्या खात्यात. लोकांना वाटतं कुणीतरी खाल्ले.

> चौकट: पैसे अडले तर आधी कुठं बघायचं?
> सन्मान निधीचा हप्ता आला नाही तर पीएम-किसानच्या संकेतस्थळावर आपली स्थिती बघावी. तिथं तीन गोष्टींपुढं 'होय' हवं: जमिनीची जोडणी, ई-केवायसी, आणि आधारला बँक जोडलेली असणं. पहिलीपुढं 'नाही' असेल तर काम महसूल आणि कृषी खात्याकडं, दुसरीपुढं असेल तर सीएससीवर, तिसरीपुढं असेल तर बँकेत. चुकीच्या कचेरीत रांग लावली की दिवस जातो. राबून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचा अंगठा यंत्र घेत नाही. त्यांच्यासाठी २०२३ पासून पीएम-किसानच्या ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. भरपाईसाठी आधी एफआयडीत सगळे सर्व्हे नंबर आहेत का ते बघावं. विम्यासाठी पाहणीतलं पीक आणि अर्जातलं पीक एकच आहे का ते.

न दिसणारं अनुदान

युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, कागलला आणि निपाणीलाही. ते बनवायला येणारा खर्च याच्या कितीतरी पट आहे. वरचा फरक केंद्र सरकार खत कंपनीला देतं, आणि २०१८ पासून तो दुकानदाराच्या यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा लागल्यावरच. म्हणून दुकानात आधार मागतात. तो अंगठा आपल्याला पैसे मिळावेत म्हणून नसतो, कंपनीला मिळावेत म्हणून असतो. हे अनुदान उतारा बघत नाही. जो जास्त पोती उचलतो त्याला जास्त.

विजेचं असंच, फक्त इथं पुन्हा नदी आडवी येते. कर्नाटकात २००८ पासून १० एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज फुकट, आणि राज्य सरकार त्याचे पैसे हेस्कॉम या वीज कंपनीला देतं. महाराष्ट्रानं साडेसात एचपीपर्यंत बिल माफ केलं ते एप्रिल २०२४ पासून. म्हणजे सोळा वर्षं पलीकडच्या काठावरची मोटार फुकट चालत होती. सहा आणि बारा हजारांची तुलना करताना कोगनोळीकर हे सांगत नाही आणि कागलकराच्या ते लक्षात येत नाही. पाच एचपीची मोटार उसाला वर्षभर चालवणाऱ्याला ही सवलत सन्मान निधीपेक्षा मोठी पडू शकते. विहीर नसलेल्या कोरडवाहू माणसाला ती शून्य.

ज्याच्या हातात नांगर, त्याचं नाव कुठंच नाही

वर उल्लेखलेला हातात येणारा सगळा पैसा उताऱ्यावरच्या नावाला जातो. पण या भागातली कितीतरी रानं वाट्यानं किंवा खंडानं दिलेली असतात. मालक बेळगावात नोकरीला, कोल्हापुरात दुकानात किंवा पुण्यात कारखान्यात. रान कसतो तिसराच.

कर्नाटकानं कूळ कायद्यात मोठा बदल केला, तो १ मार्च १९७४ पासून लागू झाला. कुळांच्या जमिनी सरकारजमा होऊन कुळांच्या नावे झाल्या आणि पुढं जमीन खंडानं द्यायलाच बंदी आली. सैनिक आणि खलाशी एवढेच अपवाद. त्या काळी हजारो कुळं त्या कायद्यानं मालक झाली. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या अनेक घरांचा उतारा त्या निकालांतूनच आला आहे. पण त्याच कायद्यामुळं आजचा वाटेकरी कागदावर असूच शकत नाही. उताऱ्यावर त्याचं नाव लागलं तर मालकाला जमीन जायची भीती, म्हणून सगळं तोंडी चालतं. सन्मान निधी मालक घेतो. परिहार आला तर निम्मा द्यायचा की नाही, हे त्या दोघांच्या संबंधांवर.

पीकविम्याच्या नियमात वाटेकऱ्याला स्वतःच्या नावानं विमा काढता येतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यासाठी मालकाशी केलेला लेखी करार जोडावा लागतो. आणि जमीन खंडानं दिली आहे असं कागदावर लिहून देणारा मालक निपाणी तालुक्यात शोधून सापडायचा नाही.